मक्याखाली कित्ता

मी त्या शेतातलं कणीस खाल्लं होतं. एक नाही, दोन. बांधावर उभा राहून, मीठ-मिरची चोळून, आणि वर हात पँटला पुसून. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे तहसील कचेरीत मी जे बोललो ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की या माणसाने ते शेत आयुष्यात पाहिलेलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तलाठी होतो. आपटा गावाच्या बाजूला पाताळगंगेच्या काठची चार गावं माझ्याकडे होती. राहायला पनवेलात खोली, सकाळच्या एसटीने चावडीवर जायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. गावात बापाच्या वयाची माणसं मला "भाऊसाहेब" म्हणत आणि मला ते आवडायचं.

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातल्या सातवर मालकाचं नाव, म्हणून सगळे सातकडे बघतात. खालच्या बाराकडे कुणी बघत नाही. कोणत्या शेतात कोणतं पीक उभं आहे आणि ते प्रत्यक्ष कोण कसतंय, हे त्या बारा नंबरात लिहायचं असतं. त्यासाठी हंगामात शेतावर जायचं, डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं. याचं नाव पीक पाहणी. आम्ही पाहायचो नाही. चावडीत बसून लिहायचो. पहिल्या ओळीत "भात", कसणाऱ्याच्या रकान्यात "खुद्द", म्हणजे मालक स्वतः, आणि त्याखाली पान संपेपर्यंत "कित्ता". कित्ता म्हणजे वरच्यासारखंच. दप्तरातला जुना शब्द. माझ्या आधीच्या तलाठ्याने तो लिहिला, त्याच्या आधीच्याने लिहिला, मीही लिहिला. शेतात कोण वाकलंय हे कित्त्याला विचारावं लागत नाही.

त्या वर्षी वरून मका आला.

आमच्या भागात भाताशिवाय दुसरं पीक नाही. भात निघालं की जमीन गवताला मोकळी, नाहीतर थोडे वाल. मका म्हणजे पनवेलच्या बाजारात गाडीवर भाजून मिळतो तो. पण जिल्ह्याला कुणाला तरी वाटलं की नदीकाठी पाणी आहे तर हिवाळ्यात मका का नको? योजना निघाली. बियाणं फुकट, खत फुकट, आणि जो मका करील त्याला एकरामागे रोख अनुदान. तालुक्याला उद्दिष्ट ठरलं, तालुक्याने ते गावांवर वाटलं. माझ्या चार गावांत इतका इतका मका झालाच पाहिजे असा कागद माझ्या टेबलावर आला. मका उगवायच्या आधी त्याचं क्षेत्र ठरलं होतं.

बियाण्याच्या पिशव्या चावडीत वाटल्या. दाण्यांना कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं, त्यामुळे ते गुलाबी. गावात हसू पसरलं.

"भाऊसाहेब, सरकारनी दाने रंगवून दिलंत? लगीन हाय का कोनाचं?"

"खायचे नाहीत हं, विषारी आहेत," मी म्हणालो.

"मंग अनुदान काय कोंबड्यांच्या मर्तिकाला का?"

खरोखरच एका घरच्या चार कोंबड्या मेल्या. त्यानंतर त्या पिशव्या माळ्यावर गेल्या, त्या गेल्याच. मात्र अनुदानाच्या यादीत नाव घालायला माळ्यावरच्या पिशवीवाले सगळे हजर. यादीत पहिला गावचा पुढारी. त्याच्या त्या शेतात वीटभट्टी होती. वीटभट्टीवर मका! मी ते लिहिलं. मला कुणी धमकावलं नाही, कुणी पाकीट दिलं नाही. सर्कल साहेब, म्हणजे आमच्या वरचे मंडल अधिकारी, एवढंच म्हणाले, "उद्दिष्ट पुरं दिसलं पाहिजे रे. मका कोण मोजायला येतोय?"

चार गावांत मका खरोखर केला तो एका बाईने.

शेत तिचं नव्हतं. मालक पनवेलात राहायचे. मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ कपड्यांतले, गोड बोलणारे गृहस्थ. माझी खोली त्यांनीच बघून दिली होती, सणावाराला त्यांच्याकडे मला जेवायला बोलावणं असायचं. त्यांच्या घरातल्या कुणी त्या शेतात पाय ठेवल्याचं गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. जमीन कसत आलं होतं ते त्या बाईचं सासर. आधी सासरा, मग नवरा. नवरा पावसाचा जोर ओसरला की उरणजवळच्या करंजाला मच्छीच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा तो पुढच्या पावसाच्या तोंडावर परत यायचा. लावणीपुरता घरी. बाकी सगळं ती. पिकातला वाटा मालकांच्या घरी दरवर्षी पोचता व्हायचा. कागदावर यातलं काहीच नव्हतं. कागदावर कित्ता होता.

तिने गुलाबी दाणे घेतले आणि पेरले. नदीवरून हंडे वाहून पाणी घातलं. शेजाऱ्याचं पाण्याचं इंजिन चालू असेल तेव्हा त्याच्या शेतात दिवसभर राबायचं आणि बदल्यात एक पाळी पाणी घ्यायचं, असंही केलं. कणसं धरल्यावर पोपट यायला लागले, अंधार पडला की कोल्हे. तिने शेतातच खाट टाकली. गाव हसत होतं. "बोटीवाल्याची बायको सरकारचा मका राखते."

मका डोक्याच्या वर गेला. हे कळल्यावर तालुक्याच्या कचेरीत आनंदीआनंद. दाखवायला एक तरी शेत मिळालं! फोटोचा दिवस ठरला. कृषी खात्याचे दोन साहेब, सर्कल, मी, फोटोग्राफर. आणि पनवेलहून मालक, कडक इस्त्रीचा सदरा घालून. बांधावर फळा उभा केला, "मका प्रात्यक्षिक". मालकांच्या गळ्यात हार घातला आणि हातात कणीस दिलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं. शेंडा खाली.

"अहो, वर करा, वर," फोटोग्राफर म्हणाला. "आणि बाई, तुम्ही जरा बाजूला. सावली येतेय."

ती बाजूला झाली. बाजूला चूल मांडलेली होतीच, साहेबांसाठी कणसं भाजायची होती. तिथे बसली. भाजून भाजून हातात देत होती. मला दिलं तेव्हा विचारलं, "गोड हाय का?" मी म्हणालो, "फार गोड." खोटं नव्हतं. त्या सगळ्या वर्षात मी खरं बोललो ते बहुधा तेवढंच.

ती भोळी नव्हती. हार कुणाच्या गळ्यात पडला ते तिने पाहिलं होतं. चार दिवसांनी चावडीवर आली. पदर खोचलेला, पाय चिखलाचे. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"भाऊसाहेब, शेतीवाले साहेब बोलले, पैसं त्याला भेटतील ज्याचं नाव तुमच्या वहीत हाय. मंग माजं लावा."

"नवऱ्याचं म्हणताय?"

"त्यांचं कशाला? ते बोटीवर हायत. मका मी केलाय. तुमी खाल्लाव ना?"

बाहेर दोन-चार माणसं होती, ती हसली. मीही हसलो. म्हणालो, "बाईंचं नाव असं लागत नाही हो." कायद्यात असं काही नव्हतं. जो कसतो त्याचं नाव, मग तो बाप्या असो की बाई. पण मला दुसरंच दिसत होतं, जे तिला अजून दिसलं नव्हतं. ती अनुदान मागत होती. कसणारी म्हणून एकदा तिचं नाव बाराच्या पानावर चढलं की उद्या ती कूळ म्हणून उभी राहू शकत होती. मग जमीन तिच्याकडून काढून घेणं सोपं राहिलं नसतं. तिला वाटत होतं की प्रश्न मक्याचा आहे. प्रश्न तिच्या पायाखालच्या जमिनीचा होता. मला ते ठाऊक होतं, आणि मी म्हणालो, "बघतो."

मालकांनाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात ते खोलीवर आले. पेढे घेऊन. फोटो छापून आला होता त्याचे.

"काही नाही हो, सहज आलो. आमच्या पानावर नेहमीप्रमाणेच असू दे, एवढंच. ती बाई काहीबाही सांगत फिरतेय. गरीब आहे बिचारी. अनुदानातनं आम्ही तिला लुगडं घेणारच आहोत."

लुगडं. रात्ररात्र शेतात झोपली तिला लुगडं! हे आज म्हणतो. तेव्हा मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, "काळजी करू नका, काका."

पान भरायला बसलो तो दिवस मला नीट आठवतो. पहिली ओळ वीटभट्टीची. पीक: मका. कसणारा: खुद्द. मग कित्ता, कित्ता, कित्ता. गवतावर मका, पडीक माळावर मका, पुढाऱ्याच्या नातवाच्या क्रिकेटच्या मैदानावर मका. तिच्या शेताच्या ओळीवर आल्यावर पेन थांबलं. त्या एकाच ओळीत मका खरा होता. त्या एकाच ओळीत "खुद्द" लिहिताना मला धडधडीत खोटं लिहावं लागलं असतं. आणि मी "खुद्द" लिहिलं नाही. कित्ता लिहिलं.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बाबा रे, तू तिच्या ओळीत खोटं असं लिहिलंच नाहीस. वरच्यासारखंच, एवढंच म्हटलंस. या असल्या समजुतीवर माणूस जेवतो, झोपतो, लग्न करतो, पोरांना खरं बोलायला शिकवतो.

अनुदान आलं, वाटलं गेलं. तिला लुगडंही मिळालं नाही. ती परत आली. या वेळी नक्कल मागितली, म्हणजे पानाची सही-शिक्क्याची प्रत. तिला वाचता येत नव्हतं.

"माजी ओल वाचा."

मी वाचली. "कित्ता."

"म्हंजे काय?"

"म्हणजे वरच्यासारखंच."

"वरचा कोन?"

मी वरची ओळ दाखवली. तिथेही कित्ता. त्याच्या वर? कित्ता. तिचं बोट माझ्या बोटामागोमाग वर चढत गेलं, पार पहिल्या ओळीपर्यंत. मी वाचलं, "मका. खुद्द."

"ही जमीन कोनाची?"

"वीटभट्टीची."

तिने बोट पानावरून उचललं. मग म्हणाली, "भाऊसाहेब, माजा मका भट्टीवर उगावला व्हय?"

नक्कल घेऊन गेली.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं, पण मालकांनी जमीन विकायला काढली. नवी मुंबई वाढत होती, मुंबईच्या लोकांना नदीकाठी बंगले हवे होते. मोकळी जमीन हवी होती, कुळाशिवाय. तिला सांगण्यात आलं की पुढच्या पावसात नांगर घालू नकोस. तेव्हा ती पनवेलला एका वकिलाकडे गेली. वकिलाने कुळाचा अर्ज केला, पण तो नवऱ्याच्या नावाने. घरातला पुरुष म्हणून. तिचं नाव त्या कागदावरही आलं नाही.

साक्षीला मला बोलावणं आलं. आदल्या दिवशी सर्कल साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"काय सांगणार?"

"साहेब, मी पाहिलंय. फोटोच्या दिवशी तुम्हीही होतात."

"मी कणसं खायला होतो. पाहणीला नव्हतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तू म्हणालास की मी जाऊन पाहिलं, मका बाईने केला होता, तर वकील पुढचं विचारणार. बाकीच्या शेतांत काय पाहिलंस? तिथे मका होता? काय सांगशील? एका ओळीत खरं बोललास तर पानभर खोटं उघडं पडेल. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल. आणि त्या बाईला काय, ती कुठेही मजुरी करील."

कुठेही मजुरी करील. हे वाक्य ऐकून मला चीड आली नाही, सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला इतर कशाहीपेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत मालकांच्या वकिलाने आधी नवऱ्याला घेतलं.

"बोटीवर कधी जाता?"

"नारली पुनव झाली का."

"परत कधी येता?"

"पावसाच्या तोंडाला."

"म्हणजे मका पेरला तेव्हा तुम्ही करंजाला. काढला तेव्हाही करंजाला. मग कसणारे तुम्ही कसे?"

तो गांगरला. मागे वळून बायकोकडे बघायला लागला. ती भिंतीशी उभी होती. ती तिथूनच बोलली, "मी केला ना मका!"

"बाई, तुम्ही अर्जदार नाही. गप्प राहा," कुणीतरी दटावलं.

मग मला उभं केलं.

"पीक पाहणी तुम्ही केली?"

"होय."

"प्रत्यक्ष जागेवर जाऊन?"

"होय."

"सदर जमीन कोण कसताना आढळलं?"

मी खाली बघत होतो. टेबलावर माझंच दप्तर, माझंच अक्षर. म्हणालो, "नोंदीप्रमाणे, खुद्द."

"खुद्द म्हणजे?"

"मालक."

संपलं. तीन मिनिटंही लागली नसतील. तिच्या बाजूच्या वकिलाने मला एकही प्रश्न विचारला नाही, त्याला दुसऱ्या प्रकरणाची घाई होती. खाली उतरलो तर ती जिन्यापाशी. मला वाटलं शिव्या देईल, हात उगारेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नवऱ्याला म्हणत होती, "चला, गाडी जाईल." तिच्या लेखी मी तिथे नव्हतोच.

अर्ज फेटाळला गेला. त्या पावसात शेताला तारेचं कुंपण पडलं. नवरा कायमचा करंजाला गेला, ती गाव सोडून लेकीकडे. मालक पुढच्या दिवाळीलाही मला फराळ द्यायला आले आणि मी तो घेतला. उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल तालुक्याचं कौतुक झालं. पुढच्या वर्षी मक्याची योजना बंद, दुसरंच काहीतरी निघालं. वीटभट्टीवरचा मका अजून सरकारच्या कुठल्यातरी बेरजेत उभा असेल. त्या बेरजेत अख्ख्या आमच्या भागात खरं पीक होतं फक्त तिचं, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. मला सर्कलचा राग येतो, मालकांचा येतो, उलटं कणीस धरलेल्या त्या फोटोचा येतो. पण लिहिणारा हात त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता.

शतक संपता संपता मला कळलं की ती कामोठ्यात आहे, गावठाणात, लेकीच्या सासरी. शेजारी सेक्टरच्या इमारती उठत होत्या. सहा महिने जाऊ की नको करत होतो. शेवटी मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं: मी स्वतः पाहिलं आहे की सदर जमिनीत मका पिकवला तो… असं. सही केली नव्हती, तिच्यासमोर करणार होतो. मनात धरलेलं होतं की ती रडेल, मी रडेन.

ती ओट्यावर सूप घेऊन कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला लगेच ओळखलं.

"या भाऊसाहेब. बसा. पोरी, पानी आन गं."

मी कागद काढला, वाचून दाखवला. ती निवडता निवडता ऐकत होती.

"आता तिथं बंगला हाय ना?"

"हो."

"या कागदानी तो पडंल?"

"नाही. पण दाद मागता येईल. वकील म्हणतो, अवघड आहे, पण…"

"मंग हा कागद कोनासाठी आनलाव?"

मी कागद तसाच पुढे धरला. तिने हात पदराला पुसून कागद घेतला, उलटसुलट पाहिला. वाचता येत नव्हतं तरी मधली कोरी जागा तिला दिसली. टाइप केलेल्या ओळीत ठिपके ठिपके होते. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं काय नाय लिवलं?"

"ती जागा… तुमच्या नावाची."

"मंग लिवलं का नाय?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. तिला समजलं. दहा वर्षं झाली होती. ती चावडीवर दोनदा आली, तिच्या हातचं मी खाल्लं, तिच्या ओळीवर पेन घेऊन थांबलो, तिच्यासमोर उभा राहून खोटी साक्ष दिली. या सगळ्यात मी तिला एकदाही नाव विचारलं नव्हतं. माझ्यासाठी ती बोटीवाल्याची बायको होती. अर्जात नवऱ्याचं नाव होतं, वहीत कुणाचंच नव्हतं.

"तुमाला ठावंच नाय," ती म्हणाली. आणि हसली, चक्क हसली. आतल्या लेकीला ओरडून म्हणाली, "ऐकलास का गं? भाऊसाहेब माजं नाव लावाया आलेत, आन् नावच ठावं नाय!"

"सांगा ना," मी म्हणालो. "आत्ता लिहितो. इथेच."

तिने कागदाची घडी घातली, माझ्या खिशात सरकवली आणि पुन्हा सूप ओढलं.

"पानी प्या नि जा," ती म्हणाली. "उन्हं वाढतील."

मी पाणी प्यालो. तिने नाव सांगितलं नाही, मी पुन्हा विचारायला धजलो नाही. ओट्यावरून लेकीला विचारता आलं असतं, शेजारी विचारता आलं असतं, गावात जाऊन कुणालाही विचारता आलं असतं. पण ते तिच्या तोंडून मिळालं नव्हतं, आणि तिला न विचारता तिच्याबद्दल लिहिण्याचं काम मी आयुष्यात एकदा करून चुकलो होतो. प्रतिज्ञापत्र तसंच पडून आहे, ठिपक्यांसकट, बिनसहीचं.